ओबामा-रॉमनी डिबेट्स २०१२ : पाहताना, ऐकताना, भांडताना

कोलंबसकर | ३ ऑक्टोबर २०१२

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीतली, डेमोक्रॅट अध्यक्ष ओबामा विरुद्ध रिपब्लिकन रॉमनी अशी पहिली डिबेट आज रात्री नऊला (ईस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ) डेन्व्हर विद्यापीठात. भारतात उद्या सकाळचे साडेसहा. विषय देशांतर्गत धोरण, पंधरा-पंधरा मिनिटांचे सहा भाग, सूत्रधार पीबीएस या सरकारी अनुदान मिळणाऱ्या वाहिनीचे जिम लेहरर. त्यानंतर ११ तारखेला उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांची, १६ ला न्यूयॉर्कजवळ हॉफस्ट्रा विद्यापीठात टाऊन हॉल (तिथे मतदारच प्रश्न विचारतात) आणि २२ ला फ्लोरिडात बोका रॅटनला परराष्ट्र धोरण. चारही डिबेट्सची चर्चा इथेच करू, दर वेळी नवा धागा नको.

मी ओहायोत राहतो. इथे सध्या संध्याकाळच्या बातम्यांत साबण, गाड्या, पिझ्झा कसलीही जाहिरात दिसत नाही. दिसतात ते फक्त रॉमनी कसे वाईट आणि ओबामा कसे वाईट. फोन उचलावा तर रेकॉर्ड केलेला आवाज. दार वाजलं तर क्लिपबोर्ड घेतलेली कॉलेजची मुलं. न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियातले मित्र म्हणतात, आमच्याकडे निवडणूक आहे असं वाटतच नाही. वाटणार कसं? तुमचा निकाल लागलेलाच आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. डिबेटने निवडणूक फिरत नाही, फिरतो तो आठवडाभराचा मूड. कोण जिंकलं हे पाहायला मी बसणार नाही. काय विचारलं जातं आणि काय विचारलंच जात नाही, तिकडे लक्ष ठेवणार आहे.

पार्ल्याची_पोर | ४ ऑक्टोबर

पाहिली! डबे भरता भरता, पण पूर्ण पाहिली. ओबामांना काय झालंय? मान खाली घालून लिहीत काय होते? लग्नाचा विसावा वाढदिवस होता म्हणे, सुरुवातीलाच मिशेलला शुभेच्छा दिल्या. त्यानंतर नव्वद मिनिटं माणूस असा उभा की कधी एकदा घरी जातोय.

रॉमनी मात्र अगदी तयारीत. लेहररना तोंडावर सांगितलं की मला पीबीएस आवडतं, त्यावरच्या मुलांच्या कार्यक्रमातला बिग बर्डही आवडतो, पण त्यासाठी चीनकडून पैसे उसने घेणार नाही.

मुक्कामपोस्ट_डॅलस | ४ ऑक्टोबर

अखेर लोकांना खरा रॉमनी दिसला. गेले चार महिने जाहिरातींतून त्याला राक्षस करून ठेवलं होतं. काल समोर आला तो शांत, आकडे तोंडपाठ असलेला, राज्य चालवलेला माणूस. सीएनएनच्या पाहणीत ६७ टक्के लोक म्हणतात रॉमनी जिंकला. कर्ज १६ ट्रिलियनच्या वर गेलंय, त्यावर अध्यक्षांकडे उत्तर नव्हतं.

माझा छोटा धंदा आहे, मत रॉमनीलाच देणार. आपल्या लोकांत हे म्हणायची चोरी झालीय, म्हणून मुद्दाम इथे लिहितोय.

हिशेबनीस | ४ ऑक्टोबर

डॅलसभाऊ, खुशाल लिहा, धाग्याला दोन्ही बाजू हव्यातच. पण आकडे तोंडपाठ असणं वेगळं आणि जुळणं वेगळं. करांचे दर सरसकट २० टक्क्यांनी खाली आणायचे, तूट वाढवायची नाही, मध्यमवर्गावर बोजा टाकायचा नाही, तर मग कुठल्या सवलती काढणार? हे एकदाही सांगितलं नाही. आणि ओबामांचं अपयश असं की त्यांनी ते वदवून घेतलं नाही. ४७ टक्के लोक सरकारवर अवलंबून आहेत, असं रॉमनी बोलले त्या व्हिडिओचा तर उल्लेखही केला नाही.

मुक्कामपोस्ट_डॅलस | ४ ऑक्टोबर

चोरून काढलेला व्हिडिओ तो. देणगीदारांच्या जेवणातला.

हिशेबनीस | ४ ऑक्टोबर

चोरून काढला हे खरं. बोलले तेच होते, हेही खरं.

निवृत्त_मास्तर | ५ ऑक्टोबर

पुण्याहून लिहितो आहे. सत्तेवर असलेला अध्यक्ष पहिल्या डिबेटमध्ये मार खातो, हे नवीन नाही. १९८४ साली लुईव्हिलला रेगनसाहेब इतके अडखळले की वर्तमानपत्रांनी त्यांचं वय काढलं. दोन आठवड्यांनी कॅन्सस सिटीत त्यांनी उलट सांगितलं की प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा मी राजकीय फायदा उठवणार नाही. प्रतिस्पर्धी मॉन्डेलही हसले. पुढे मॉन्डेल यांना मिनेसोटा आणि राजधानी एवढंच मिळालं, बाकी ४९ राज्यं रेगन. २००४ मध्ये केरी पहिल्या फेरीत बुशपेक्षा सरस ठरले, निवडून बुशच आले. चार वर्षं ज्याला कोणी तोंडावर 'तुमचं चुकतंय' म्हणत नाही, त्याची वाद घालायची सवय मोडते.

१९६० च्या केनेडी-निक्सन डिबेटबद्दल सगळे सांगतात की रेडिओवाल्यांना निक्सन जिंकले असं वाटलं आणि टीव्हीवाल्यांना केनेडी. ऐकायला छान आहे, पण त्याचा आधार म्हणजे एक तोकडी पाहणी. निक्सन नुकते गुडघ्याच्या दुखण्यातून उठले होते आणि पडद्यावर आजारी दिसले, एवढं मात्र खरं.

पार्ल्याची_पोर | ५ ऑक्टोबर

मास्तर, तुम्ही लिहीत राहा हो. आमच्या शाळेत असे नागरिकशास्त्र शिकवणारे असते तर!

एच१_वाला | ५ ऑक्टोबर

बेकारीचा दर ७.८ वर आला. लगेच जनरल इलेक्ट्रिकचे माजी प्रमुख जॅक वेल्च म्हणतात, शिकागोच्या (म्हणजे ओबामांच्या) लोकांनी आकडे फिरवले. ओबामा डिबेट हरले म्हणून सरकारी खातं आकडे बदलून देणार? इथेही हे चालतं तर.

कोलंबसकर | १२ ऑक्टोबर

काल केंटकीतल्या डॅनव्हिलला उपाध्यक्षपदाचे उमेदवार, डेमोक्रॅट बायडेन आणि रिपब्लिकन रायन. बायडेन हसत होते, मान हलवत होते, मधेच तोडत होते. माझ्या ऑफिसातल्या डेमोक्रॅट मंडळींना हायसं वाटलं, रिपब्लिकन म्हणाले उर्मट म्हातारा. एकच दृश्य, दोन वेगळे प्रेक्षक.

मला आवडल्या त्या सूत्रधार मार्था रॅडट्झ. मोघम उत्तर आलं की लगेच, 'म्हणजे नेमकं काय?' दोघेही कॅथलिक, त्यामुळे गर्भपातावर तुमचा धर्म काय सांगतो हे थेट विचारलं. रायन म्हणाले श्रद्धा आणि सार्वजनिक आयुष्य वेगळं काढता येत नाही. बायडेन म्हणाले चर्चची भूमिका मला मान्य, पण दुसऱ्यांवर लादणार नाही. दोन्ही उत्तरं प्रामाणिक वाटली. दोन तासांची आरडाओरड ऐकण्यापेक्षा अशी दोन मिनिटं पुरतात.

जर्सीवाली | १७ ऑक्टोबर

काल हॉफस्ट्रा. काय ती खडाजंगी! दोघे खुर्च्या सोडून एकमेकांसमोर येऊन उभे. एका क्षणी वाटलं, आता कॉलर धरतात.

लिबियाचा प्रसंग पाहिलात का? रॉमनींचा आरोप की तिथल्या बेनगाझीत अमेरिकी वकिलातीवर झालेल्या हल्ल्याला दहशतवादी कृत्य म्हणायला अध्यक्षांना दोन आठवडे लागले. ओबामा म्हणाले, दुसऱ्याच दिवशी व्हाइट हाऊसच्या रोझ गार्डनमध्ये म्हणालो होतो, शब्दांकन तपासा. तेवढ्यात सूत्रधार कँडी क्रॉलीच म्हणाल्या, हो, म्हणाले होते. ओबामांनी लगेच, जरा मोठ्याने सांगाल का!

मुक्कामपोस्ट_डॅलस | १७ ऑक्टोबर

पंचांनी बॅट हातात घेतली तर काय खेळायचं? त्या भाषणात दहशतवादी कृत्यांबद्दल एक सर्वसाधारण वाक्य होतं. याच हल्ल्याला ते म्हटलं की नाही, हा वाद बाकी आहे. शिवाय इस्लामविरोधी व्हिडिओवरून चिडलेल्या जमावाने हल्ला केला ही गोष्ट बराच काळ सांगितली गेली, हे क्रॉलीबाईंनीच लगेच मान्य केलं. ते अर्धं वाक्य कुणी दाखवत नाही.

कोलंबसकर | १७ ऑक्टोबर

हे डॅलस यांचं बरोबर आहे. पूर्ण शब्दांकन वाचलं, त्यांनी दोन्ही गोष्टी म्हटल्या. पण चूक रॉमनींचीही. मूळ प्रश्न होता वकिलातीची सुरक्षा का वाढवली नाही. तो जोरदार होता. तो सोडून ते एका शब्दामागे गेले आणि फसले.

एच१_वाला | १७ ऑक्टोबर

मंडळी, आपल्या कामाचं वाक्य कुणीच पकडलं नाही! रॉमनी म्हणाले, गणित-विज्ञानाची पदवी घेणाऱ्यांच्या डिप्लोमालाच ग्रीनकार्ड स्टेपल करून देऊ. यंदा ईबी-२ ची (उच्चशिक्षितांच्या ग्रीनकार्डच्या रांगेची) तारीख धावत पुढे गेली आणि तशीच मागे आली. माझी फाइल तिथेच. स्टेपलर मी घेऊन येतो, फक्त बोलवा.

जर्सीवाली | १७ ऑक्टोबर

हुरळू नकोस रे. हे वाक्य दोन्ही पक्षांचे लोक बोलतात आणि काँग्रेसमध्ये दोन्ही पक्ष मिळून ते अडवतात. त्याच उत्तरात बेकायदा आलेल्यांनी आपणहून निघून जावं, हेही होतं.

आउटसोर्सिंगचंही तेच. ओबामांच्या जाहिरातीत रॉमनींचा गाण्याचा आवाज आणि खाली पाटी, की गव्हर्नर असताना यांनी कामं भारतात पाठवली. २००९ मध्ये करांवर बोलताना ओबामांनीच बंगळुरू आणि बफेलोची जोडी लावली होती. माझा भाऊ हिंजवडीत आहे. तो म्हणतो, तुमच्याकडे कुणीही येवो, दर चार वर्षांनी दोन महिने आम्ही खलनायक.

पार्ल्याची_पोर | १७ ऑक्टोबर

आणि त्या फायली? समान पगाराचा प्रश्न होता, तर साहेब म्हणतात माझ्याकडे बायकांनी भरलेल्या फायली आणून दिल्या! इंटरनेटवर नुसता धुमाकूळ आहे. पण पगाराचं उत्तर आलंच नाही, हे त्या हशात बुडालं.

निवृत्त_मास्तर | १८ ऑक्टोबर

हरित पक्षाच्या उमेदवार जिल स्टाइन यांना त्या दिवशी हॉफस्ट्राच्या बाहेर अटक झाली. आत जाऊ पाहत होत्या. डिबेट घेणारं जे कमिशन आहे ते १९८७ चं, दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून उभारलेलं. पाहण्यांत सरासरी १५ टक्के पाठिंबा असेल तरच व्यासपीठ मिळतं. आणि व्यासपीठ मिळाल्याशिवाय १५ टक्के कुठून येणार? त्याआधी १९७६ ते ८४ या डिबेट्स लीग ऑफ विमेन व्होटर्स ही संस्था घेत असे. ८८ मध्ये दोन्ही प्रचारयंत्रणांनी आपसात अटी ठरवून कागद पुढे केला, तेव्हा बायकांनी चक्क अंग काढून घेतलं. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

हिशेबनीस | १८ ऑक्टोबर

मास्तर, भारताच्या राष्ट्रपतिपदासाठी जुलैमध्ये संगमांनी प्रणवदांना जाहीर चर्चेचं आव्हान दिलं होतं, आठवतं? कुणी दखलही घेतली नाही.

निवृत्त_मास्तर | १८ ऑक्टोबर

आठवतं. पण आपल्याकडे मतदार आमदार-खासदार. महाराष्ट्राच्या प्रत्येक आमदाराच्या मताचं मूल्य १७५, २८८ आमदारांचे मिळून ५०,४००. पक्षांनी ठरवलं की झालं, तिथे टीव्हीवर कुणाला पटवायचं? राष्ट्रपती आणि प्रेसिडेंट यांची तुलना करूच नये. आपल्याला खरी डिबेट हवी ती पंतप्रधानपदाच्या दावेदारांची, आणि ते कधी उभे राहतील असं वाटत नाही.

कोलंबसकर | २३ ऑक्टोबर

काल तिसरी झाली, बोका रॅटन, सूत्रधार बॉब शीफर. दुसऱ्या चॅनलवर बेसबॉलचा निर्णायक सामना आणि तिसऱ्यावर फुटबॉल, त्यामुळे ऑफिसात अर्ध्यांनी पाहिलीच नाही. रॉमनी म्हणाले आपलं नौदल १९१७ नंतर सर्वांत लहान झालंय. ओबामा म्हणाले घोडे आणि संगिनीही कमी झाल्यात. टाळ्यांचं वाक्य, पण उत्तर म्हणून अपुरं. रॉमनींनी निदान नौदलाला ३१३ जहाजं हवीत हा आकडा दिला होता, ओबामांनी किती मोठं हवं हे सांगितलं नाही.

बाकी अफगाणिस्तान, इराण, सीरिया, ड्रोन या सगळ्यांत रॉमनींचं 'मीही तेच केलं असतं'. त्यांच्या लोकांनी ठरवलेलं दिसतंय की भांडखोर दिसायचं नाही. पाकिस्तानकडे शंभर अण्वस्त्रं आहेत म्हणून त्याला सोडता येत नाही, हेही तेच म्हणाले.

आता सुरुवातीला जे लिहिलं होतं त्याबद्दल. अध्यक्षपदाच्या तीन डिबेट्स, साडेचार तास. हवामानबदल हा विषय एकदाही निघाला नाही. सूत्रधारांनी विचारलं नाही, उमेदवारांनी काढला नाही. ऊर्जेवर भांडले ते कोण जास्त तेल काढणार, कोण कोळशाचा खरा मित्र यावर. कारण सरळ आहे. कोळसा ओहायोत आहे, व्हर्जिनियात आहे, पेनसिल्व्हेनियात आहे.

मुक्कामपोस्ट_डॅलस | २३ ऑक्टोबर

कारण लोकांना नोकरीची काळजी आहे. टाऊन हॉलमध्ये तर सामान्य मतदारच प्रश्न विचारत होते.

हिशेबनीस | २३ ऑक्टोबर

त्या मतदारांच्या प्रश्नांतून कुठले घ्यायचे हे सूत्रधारच ठरवतात ना?

असो. गणित पाहा. अध्यक्ष ठरतो तो राज्यवार निर्वाचक मतांवर, ५३८ पैकी २७० हवीत. ओहायोची १८. ओहायो न जिंकता रिपब्लिकन उमेदवार आजवर अध्यक्ष झालेला नाही. देशभरच्या पाहण्यांत डेन्व्हरनंतर रॉमनी बरोबरीला आले, काहींत पुढेही गेले. ओहायोच्या पाहण्यांत मात्र ओबामांची छोटी आघाडी टिकून आहे. तुम्ही तिथे राहता, का ते सांगा.

कोलंबसकर | २४ ऑक्टोबर

गाड्या. टोलेडोला जीपचा कारखाना, आणि सुटे भाग करणाऱ्या छोट्या कंपन्या राज्यभर. २००८ च्या शेवटी रॉमनींनी वाहन कंपन्यांना सरकारी पैसा देऊ नका असा लेख लिहिला आणि वर्तमानपत्राने मथळा दिला की डेट्रॉइटला दिवाळखोरीत जाऊ द्या. लेखात त्यांनी व्यवस्थित पुनर्रचना सुचवली होती, हे खरं. पण लेख कोण वाचतो? मथळा इथल्या प्रत्येकाच्या तोंडी आहे. शिवाय इथे मतदान कधीच सुरू झालंय. २ ऑक्टोबरपासून लोक मत टाकतायत, म्हणजे पहिल्या डिबेटच्याही आधीपासून.

कोलंबसकर | २९ ऑक्टोबर

भर घालतो. रॉमनी गेल्या आठवड्यात आमच्या डिफायन्स गावी म्हणाले की जीपचं उत्पादन चीनला हलवणार असं वाचलं. जीप बनवणाऱ्या क्रायस्लरने त्याच दिवशी साफ नाकारलं. तरी आता त्यावर जाहिरात आलीय. टोलेडोत कामगार आपल्या युनियनला फोन करून विचारतायत, आमची नोकरी राहणार ना? हे मला बिलकूल आवडलं नाही. डिबेटमध्ये हे बोलले असते तर निदान समोर कुणी होतं खोडायला.

जर्सीवाली, तिकडे सँडी वादळाचं काय? सगळे ठीक?

पार्ल्याची_पोर | ३० ऑक्टोबर

टीव्हीवर सबवेत पाणी शिरताना पाहिलं आणि २६ जुलै आठवला. जर्सीवाली, हजेरी लाव गं.

जर्सीवाली | ३ नोव्हेंबर

आहोत. सोमवारपासून वीज नाही, आत्ता मैत्रिणीच्या घरून लिहितेय. घराला काही झालं नाही, मागचं झाड कुंपणावर पडलं. किनाऱ्यावरच्या लोकांचं पाहवत नाही. पेट्रोलला सम-विषम सुरू झालंय, नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यावर.

ओबामा आणि आमचे गव्हर्नर क्रिस्टी बुधवारी एकत्र फिरले. क्रिस्टी कट्टर रिपब्लिकन, रॉमनींच्या अधिवेशनात मुख्य भाषण यांचंच. पण अध्यक्षांची मनापासून स्तुती केली. इथे शेजारचे रिपब्लिकन काका म्हणाले, 'दोघांनी आपलं काम केलं, एवढंच.' टीव्हीवरचे पंडित मात्र त्यात मतं मोजत बसलेत. न्यूयॉर्कचे महापौर ब्लूमबर्ग यांनी तर हवामानबदलाचं कारण देऊन ओबामांना पाठिंबा दिलाय. कोलंबसकर, डिबेटमध्ये न निघालेला तुमचा विषय असा दारात आला.

माझं ग्रीनकार्ड, मत नाही. ग्रीनकार्डवाल्यांना उमेदवाराला देणगी मात्र देता येते! विस्थापितांना ईमेल-फॅक्सने मत द्यायची सोय केलीय, नवऱ्याच्या ऑफिसातले लोक त्या खटपटीत आहेत.

मुक्कामपोस्ट_डॅलस | ३ नोव्हेंबर

काळजी घ्या ताई. काही लागलं तर सांगा, एडिसनला आमचे नातेवाईक आहेत, त्यांच्याकडे जनरेटर आहे.

एका वादळावरून हवामानबदल सिद्ध होत नाही, पण तो वाद नंतर घालू.

हिशेबनीस | ६ नोव्हेंबर

शेवटचे आकडे. गॅलपच्या देशभरच्या पाहणीत रॉमनी ४९, ओबामा ४८. पाहण्यांवरून अंदाज बांधणारा नेट सिल्व्हर ओबामांच्या विजयाची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास सांगतोय. दोघांपैकी एकाला उद्या तोंड लपवावं लागेल. माझा पैसा सिल्व्हरवर, कारण तो देश मोजत नाही, राज्यं मोजतो.

पार्ल्याची_पोर | ७ नोव्हेंबर

पावणेदहाला इकडे ऑफिसात समजलं, ओहायो ओबामांकडे गेलं आणि निवडणूक संपली! फॉक्सवर रिपब्लिकन रणनीतीकार कार्ल रोव्ह आपल्याच चॅनलचा निकाल मानायला तयार नाहीत आणि निवेदिका कॅमेऱ्यासह चालत निघाली आकडे मांडणाऱ्यांच्या खोलीत, पुन्हा एकदा विचारायला. सगळ्या डिबेट्सपेक्षा हेच भारी.

मुक्कामपोस्ट_डॅलस | ७ नोव्हेंबर

अभिनंदन, जिंकलात. रॉमनींचं पराभवाचं भाषण छोटं आणि सभ्य होतं, तेही ऐका. आमच्या पक्षाला आता विचार करावा लागेल. लॅटिनो आणि आशियाई मतदार इतके दूर गेले, तर नुसत्या चांगल्या डिबेटने काही होणार नाही.

कोलंबसकर | ७ नोव्हेंबर

डॅलस, हे लिहायला मोठं मन लागतं. पुढच्या वेळी कोलंबसला आलात की घरी या, जेवायला.

ओबामांच्या विजयाच्या भाषणात तापणाऱ्या पृथ्वीचा उल्लेख आला. साडेचार तासांत वेळ मिळाला नव्हता, जिंकल्यावर मिळाला. करतील काही की नाही ते पाहू. मी फार आशा धरून नाही, प्रतिनिधिगृह अजून रिपब्लिकनांकडेच आहे.

निवृत्त_मास्तर | ८ नोव्हेंबर

फ्लोरिडाचं काय झालं? अजून नकाशावर पांढरंच दिसतं आहे.

हिशेबनीस | ८ नोव्हेंबर

मोजतायत. तिथली २९ मतं आता कुणालाच नको आहेत, पण मोजावी तर लागणार. मायामीकडे लोक तासन्‌तास रांगेत होते, ओबामांचं भाषण सुरू होईपर्यंत काही जण उभेच. भाषणात त्यांनी म्हटलंय, हे आपल्याला दुरुस्त करायला हवं.

निवृत्त_मास्तर | ११ नोव्हेंबर

काल फ्लोरिडाही ओबामांना दिलेलं वाचलं. म्हणजे ३३२ विरुद्ध २०६. चार दिवस! आमच्या कसब्यात दुपारी बारापर्यंत गुलाल उधळून लोक जेवायला घरी येतात. निवडणूक आयोगाची एखादी तुकडी पाठवायची का मायामीला?

एच१_वाला | ११ नोव्हेंबर

पाठवा मास्तर. पण व्हिसाची तारीख आधी पाहून घ्या.